कानाची मशीन आली तो उन्हाळा

सकाळची शाळा सुरू झाली. वऱ्हाडात ऊन तापायला लागलं की शाळेची घंटा सातला होते आणि दुपारच्या आत पोरं भिंतीच्या कडेकडेनं, सावली धरत घरी पळतात. वलगावच्या पुढे ज्या शाळेत मी आता शिकवते तिथल्या कडुनिंबाला मोहर आलाय. सकाळी व्हरांडा झाडला तरी दुसऱ्या तासाला पुन्हा बारीक पांढरा सडा पडतो. परवा वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लिहीत होते. मराठीच्या खाली 'श्रुतलेखन' लिहायचं होतं, तिथे खडू थांबला.

श्रुत म्हणजे ऐकलेलं. ऐकलेलं लिहायचं. ज्याला ऐकूच येत नाही त्यानं काय लिहायचं? बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न नोकरीच्या अकराव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. पडला तोही एका पोरीचा कान पिळल्यावर.

तेव्हा मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी होते. अमरावतीहून पहिली बस, दर्यापूरला उतरून काळीपिवळी जीप, आणि शेवटचा मैलभर रस्ता काळ्या मातीतून पायी. पावसाळ्यात त्या मातीचा गोळा चपलेला असा चिकटायचा की शाळेत पोचेपर्यंत मी चार बोटं उंच झालेली असे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती.

आचल माझ्याकडे दुसरीपासून होती. माळ्याच्या घरची पोर, सावळी, केसांना भरपूर तेल, दोन वेण्या लाल फितीनं घट्ट वर बांधलेल्या. तिची आई शोभाबाई वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन दर्यापूरच्या बाजारात बसायची. आचलचं अक्षर इतकं सुरेख की फळ्यावरचं माझं अक्षर तिच्या वहीत उतरलं की मलाच माझं कौतुक वाटे. पण तोंडी काही विचारलं की ती नुसतं "हो मॅडम" म्हणायची. पाढा म्हण, हो मॅडम. खिडकी लाव, हो मॅडम, आणि जागची हलायची नाही. पोरं हसायची. तीही त्यांच्याबरोबर हसायची.

श्रुतलेखनात तर गंमतच असे. मी 'पाणी' म्हटलं की ती 'मानी' लिहायची. 'बाग' म्हटलं की 'माग'. मी फळ्याकडे वळून बोलले की ती ओळ कोरी. मी लाल पेनानं गोल करत राहिले. प्रगतिपुस्तकात दोन वर्षं लागोपाठ लिहिलं, 'लक्ष देत नाही.' आज त्या वह्या आठवतात तेव्हा दिसतं की तिच्या चुका ऐकण्याच्या नव्हत्याच, पाहण्याच्या होत्या. प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. ती पोर दोन वर्षं माझ्या ओठांकडे जीव लावून पाहत होती आणि मी लिहीत होते, लक्ष देत नाही.

ती चौथीत गेली त्या वर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत शाळेमागच्या वावरात थ्रेशर लागला होता. त्याची घरघर सगळ्या वर्गात भरलेली, हवेत भुशाची धूळ, घशात खवखव. मी तिसऱ्यांदा ओरडले, "वही उघडा!" सगळ्यांनी उघडली. आचल माझ्याकडे पाहून गोड हसली. मला वाटलं, ही मला खिजवते आहे. मी बाकापाशी गेले आणि तिचा उजवा कान धरून पिळला.

माझी बोटं ओली झाली. वास आला.

ती रडली नाही. कानावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "चुकलं मॅडम." काय चुकलं हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मी सरळ बाहेर टाकीवर गेले आणि साबण लावून हात धुतले, एकदा, मग पुन्हा एकदा. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी राहून माझं हात धुणं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई आली. मला वाटलं, भांडायला आली. ती पदर सावरत दाराशीच उभी राहिली.

"मॅडम, तिले मारा, मी काई म्हनत नाई. पन कानाले हात नोका लावू. तिचा कान वायते."

"कधीपासून?"

"आंगनवाडीत होती तवापासून. लसनाचं तेल कडवून टाकतो आमी. दर्यापूरले डाक्टरले बी दाखोलं, त्यानं थेंब देल्ले. थांबते, अन् मंग पुन्ना वायते."

"तिला ऐकू येतं का नीट?"

शोभाबाईनं विचार केला. "येते की. जोऱ्यानं बोललं का येते."

ती गेल्यावर मी कपाटातून आरोग्य तपासणीची कार्डं काढली. त्याच जुलैत तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. प्रार्थनेनंतर सुरू केलं आणि खिचडी वाटायच्या आत सगळी शाळा उरकली. आचलच्या कार्डावर 'कान' या शब्दापुढे बरोबरची खूण होती. सगळ्याच कार्डांवर होती, एका हाताची, एका झपाट्याची. खाली वर्गशिक्षिकेची सही होती. माझी.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, हिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. सर भले गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"न्याल तुमी. तिथं डॉक्टर इचारतीन, कानाले काय झालं? पोरगी सांगीन, मॅडमनं पिळला. मंग? आधीच्या पाच वर्षांचं कोनी इचारनार नाई, तुमचं नाव पेपरात येईन. जरा थंड घ्या. दिवाळीची सुटी लागू द्या."

मी थंड घेतलं. हे लिहायलाच हवं. दिवाळी झाली. मग कापूस फुटला आणि वेचणीला आचल आईबरोबर जाऊ लागली, आठवड्यातून तीन-तीन दिवस गैरहजर. ती येत नसे त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटे. येई त्या दिवशी मी तिला पहिल्या बाकावर बसवी आणि मोठ्यानं बोले. तेवढ्यानं आपण काहीतरी करतोय असं मनाला सांगता येत होतं.

मला तर ओळखू यायला हवं होतं. आम्ही बडनेऱ्याचे. वडील रेल्वेत होते, यार्डात. आयुष्यभर लोखंडावर लोखंड आदळताना ऐकून त्यांचे कान गेले होते. आई त्यांच्याशी बोलायच्या आधी त्यांच्या दंडाला हात लावायची, ते वळले की मग बोलायची. घरात आम्ही सगळेच जोरात बोलायचो, म्हणून कॉलेजात मला मैत्रिणी म्हणायच्या, तू भांडतेस की बोलतेस? न समजलेल्या बोलण्याला हसून मान डोलावणारा माणूस मी रोज जेवणाच्या ताटावर पाहिला होता. वडिलांचं ते हसू मला केविलवाणं वाटे. तेच हसू नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर दिसलं तेव्हा मला राग आला.

जानेवारीत एकदा मधल्या सुटीत आचल खिडकीशी एकटी उभी होती. मी तिच्या मागे गेले, हजेरीचं रजिस्टर तोंडापुढे धरलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आचल." ती बाहेर साळुंक्या पाहत होती. मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग आणखी मोठ्यानं. व्हरांड्यातली पोरं वळून पाहू लागली. ती साळुंक्या पाहत राहिली.

त्याच आठवड्यात सरांना न विचारता रजा टाकली आणि मी, शोभाबाई आणि आचल अकोल्याला गेलो. बसमध्ये आचल खिडकीशी बसली होती, नवा फ्रॉक, डोळ्यांत काजळ, जत्रेला निघाल्यासारखी. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कान साफ केला, आत दिवा लावून पाहिलं आणि तपासायला पाठवलं. तिथे आतून गादी लावलेली एक लहानशी खोली होती. कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणाऱ्या तरुण मुलीच्या लवकरच लक्षात आलं की आचल आवाज ऐकून नाही, तिचा हात हललेला पाहून बटण दाबते आहे. तिनं आचलची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग कितीतरी वेळ ते बटण दाबलंच गेलं नाही. काचेतून मला तिची पाठ दिसत होती, आणि त्या दोन वेण्या. बटणावर अंगठा तयार ठेवून ती वाट पाहत होती.

ती मुलगी कागद घेऊन बाहेर आली. "दोन्ही कानांचे पडदे फाटलेत. उजव्याचा जास्त. नुसतं औषध पुरणार नाही, पुढे ऑपरेशन करावं लागेल, त्यानं बराच फरक पडेल. तोवर डाव्या कानाला मशीन लावता येईल, शाळेमार्फत मिळते. आजार जुना आहे, चार-पाच वर्षं तरी झाली असतील." मग माझ्याकडे पाहून, दोष देण्यासाठी नाही, साधंच विचारलं, "मॅडम, शाळेत कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, "मी यंदाच या वर्गावर आले."

शोभाबाई शेजारीच बाकावर बसली होती. आचल तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग आचलचा फ्रॉक गुडघ्यावर खाली ओढत बसली. पूर्ण रस्ताभर तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दर्यापूरला उतरल्यावर उलट मलाच चहा पाजला.

मग अर्ज, दाखले, कानाचं माप, पुन्हा अर्ज. मशीन आली तेव्हा सकाळची शाळा लागली होती. तालुक्याच्या ठिकाणी मोठा मांडव घातला होता. मुलांना सातला बोलावलं, पाहुणे दहाला आले. मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते आणि त्यांच्यापुढच्या सतरंजीवर ऐकू न येणारी पोरं बसवलेली. एकेकाला मंचावर बोलावून, मशीन कानाला लावून फोटो काढत होते. आचलच्या कानाला मशीन लावली, चालू केली, आणि त्याच क्षणी सूत्रसंचालकानं माईकवर आरोळी ठोकली, "जोरदार टाळ्या!" आचल दचकली, मशीन ओरबाडून काढली, दोन्ही कान दाबले आणि मंचावरच खाली बसली. फोटोवाला म्हणाला, "बेटा, उठ, हास जरा." ती उठली. हसली. ते तिला येतच होतं.

नंतर वर्गात मात्र आम्ही हळूहळू शिकलो. आवाज कमी करून सुरुवात करायची. कानात बसणारा साचा कापडानं पुसायचा. कान ओला असला की लावायची नाही. तालुक्याला अशा मुलांसाठी एकच विशेष शिक्षक होते, ते एकदा येऊन हे सगळं दाखवून गेले. जाताना म्हणाले, "खरं तं मले दर आठवड्याले याले पाह्यजे मॅडम. पन कुठं कुठं जाऊ?" मोटारसायकलच्या डिकीत त्यांचा डबा आणि पाच-सहा शाळांची रजिस्टरं होती. पुन्हा आले नाहीत.

आचल पंख्याचा आवाज ऐकून वर पाहायची. बाक सरकला की वळायची. पाट्यांवर नख ओढून पाहायची. एके सकाळी मी 'पाणी' म्हटलं आणि तिनं 'पाणी' लिहिलं. मी ती वही सगळ्या वर्गाला दाखवली. मला वाटलं, झालं. निस्तरलं आपण.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती मधल्या सुटीत माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, पोट्टे मले बयरी म्हन्तेत."

"कोण म्हणतं? मी बघते त्यांना."

"आताचं नाई इचारत. पयल्यापासूनच म्हन्तेत का?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मले वाटे, भारी म्हन्तेत."

बयरी आणि भारी. ओठ सारखेच मिटतात. ती पोर चार वर्षं 'भारी' म्हणून घेत आली होती, म्हणून तर त्यांच्याबरोबर हसत होती. आम्ही तिला मशीन दिली आणि तेवढंही काढून घेतलं.

त्या मशीनला हरभऱ्याएवढा गोल सेल लागायचा, आठ-दहा दिवस चालणारा. दर्यापुरात तो मिळेना. मी अमरावतीहून आणायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी सेल संपला. अमरावतीच्या दुकानदारानं सांगितलं, मागवावा लागेल. श्रुतलेखनाच्या दिवशी मी आचलच्या अगदी समोर खुर्ची घेऊन बसले आणि एकेक शब्द ओठ ताणून म्हटला. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. कानाला बंद मशीन लावून ती ताठ बसली होती, जणू आता पाहायचं नाही, ऐकायचं आहे, असं तिनं ठरवलं होतं. दहाही ओळी कोऱ्या राहिल्या. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. कोणी विचारलं नाही.

जूनमध्ये माझी बदली झाली. आचल पाचवीला दर्यापूरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. मी तिच्या नव्या वर्गशिक्षकांना दोन पानी पत्र लिहिलं. पुढे बसवा, तिच्याकडे तोंड करून बोला, सेल इथे मिळतात, ऑपरेशनसाठी अकोल्याला पुन्हा न्यायचं आहे. पाकीट शोभाबाईच्या हातात दिलं. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं.

आता माझ्या वर्गात शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात मी रजिस्टर तोंडापुढे धरून प्रत्येक पोराच्या मागे उभी राहते. सहकारी हसतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी सापडली, तिच्या कानात मळाचा खडा होता, पाच मिनिटांत निघाला. यंदा एक मुलगा सापडलाय. त्याचे कागद वर पाठवलेत. उत्तर आलं, माहितीची नोंद घेण्यात आली आहे. मी दर सोमवारी फोन करते. पलीकडचा माणूस आता माझा आवाज ओळखतो आणि "साहेब मीटिंगले गेले" असं मी विचारायच्या आधीच सांगतो. माझ्या बोलण्यात हल्ली फार कडवटपणा आलाय, असं नवरा म्हणतो. असेल.

गेल्या वर्षी दर्यापूरला एका लग्नाला गेले होते. बाजाराचा दिवस होता, म्हणून परतताना भाजी घ्यायला वळले. पोत्यावर वांग्यांचा ढीग लावून एक तरुण मुलगी बसली होती. मी ओळखायच्या आत तिनंच ओळखलं. "मॅडम!" आवाज मोठा आणि सपाट होता, आजूबाजूचे दोघंतिघं वळले. आचल एकोणीस वर्षांची झाली होती. कानांवर केस ओढून घेतलेले.

शोभाबाई मागे मेथीवर पाणी शिंपडत होती. तिनं मला पोत्यावर बसायला जागा केली.

"शाळा?" मी आचलकडे तोंड करून विचारलं.

"नववीत सोडली. वर्गात काय चालू हाये, कोनी सांगेच नाई."

"आणि माझं पत्र?"

उत्तर शोभाबाईनं दिलं. "थे देल्लंच नाई मॅडम. कोनाले द्यावं समजलं नाई. तिथं तं दर तासाले नवा मास्तर ये. राह्यलं तसंच घरी."

"ऑपरेशन?"

"तारीख देल्ली होती. तवा इचे बाबा म्हने, पोरीच्या जातीले कायले कापाकापी. मंग राह्यलंच." तिनं मेथीची जुडी झटकली आणि आवाज खाली आणला. "आता सोयरीक पाहून रायलो. कानाले मशीन दिसली तं पाव्हने चहा सोडून उठतेत. म्हनून लावू नको म्हनलं. घरचं सारं करते, हिशोबाची पक्की हाये. अन् सासरी बोलाले कोनाले लागते?"

आचल आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती. किती कळलं तिला, ठाऊक नाही. मी तिचा हात धरला. म्हटलं, अजून उशीर झालेला नाही, ऑपरेशन आताही होतं. मी स्वतः येते अकोल्याला. नवी मशीन घेऊ, हल्ली लहान निघाल्यात, केसांत दिसतही नाहीत. ओठ ताणून, एकेक शब्द सुटा करून मी बोलत होते. घाम आला मला.

तिनं सगळं नीट पाहून घेतलं. मग हळूच हात सोडवला आणि तागडीत माझी वांगी टाकू लागली, निवडून, कोवळी कोवळी.

"कायले मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावून सांगितल्यासारखी. "आयकन्यासारखं कोन काय बोलते?"